बाळाला अन्नाचे वावडे असेल तर: काय बंद करावे, किती दिवस बंद ठेवावे आणि परत केव्हा द्यावे

बाळाच्या शीमध्ये रक्ताची बारीक रेघ दिसली, किंवा अंड्याचा पहिला घास खाल्ल्यावर ओठांभोवती गांधी उठल्या, की घरातील प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य येते: हे बंद करा. कोणी दूध बंद करायला सांगते, कोणी गहू, कोणी अंडे आणि शेंगदाणे. आठवडाभरात बाळाच्या आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या ताटात फारसे काही उरत नाही, आणि बाळाला नेमके कशाचे वावडे आहे हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षात मी हेच केले. चार पदार्थ एकाच दिवशी बंद केले, तिला बरे वाटले, आणि पुढचे तीन महिने ते चारही पदार्थ मी भीतीपोटी बंदच ठेवले. पुढे एकेक करून देऊन पाहिले तेव्हा त्यांपैकी तीन तिला आधीपासूनच चालत होते असे कळले. त्यामुळे जे पालक या वाटेवर नवे आहेत त्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: कोणताही पदार्थ बंद करताना तो परत देऊन पाहण्याची तारीख त्याच दिवशी ठरवावी. पुढच्या सर्व पायऱ्या या एका नियमाला धरून आहेत.

पहिली पायरी: त्रास कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे

सुरुवातीला हे मान्य करावे लागते की बाळाच्या बऱ्याच तक्रारींचा अन्नाशी संबंध नसतो. दूध पाजल्यावर थोडे बाहेर टाकणे, हिरवट शी होणे, शी करताना लालबुंद होऊन कुंथणे, संध्याकाळी तास-तास रडणे हे पहिल्या महिन्यांत सर्रास घडते. असे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरते. बाळाचे वजन नीट वाढत असेल, ते जागेपणी प्रसन्न असेल आणि वर सांगितलेल्यांपैकी एखादीच तक्रार असेल, तर काहीही बंद करण्याची घाई करू नये.

खऱ्या अर्थाने अन्नाची अ‍ॅलर्जी असते तेव्हा शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या अन्नातील प्रथिनाला शत्रू समजते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोघांना हाताळण्याची रीत पूर्णपणे वेगळी असल्यामुळे हा फरक मनात पक्का करणे आवश्यक आहे. तत्काळ प्रकारात खाल्ल्यानंतर काही मिनिटांत, आणि बहुधा दोन तासांच्या आत, अंगावर गांधी उठतात, डोळे किंवा ओठ सुजतात, उलट्या होतात, शिंका किंवा खोकला येतो. विलंबित प्रकारात त्रास काही तासांनी, क्वचित दोन-तीन दिवसांनी दिसतो: शीमध्ये चिकट शेंब किंवा रक्त, सततचे जुलाब, इसब चिघळणे, दूध पिताना पाठ ताणून रडणे. दोन्ही प्रकारांत दुधाचे नाव सर्वांत वर असते. तत्काळ प्रकारात अंडे, शेंगदाणे, काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, गहू, सोयाबीन, मासे आणि तीळ यांचाही मोठा वाटा असतो.

विलंबित प्रकारातच एक गंभीर रूप आहे आणि ते नवख्या पालकांना, कधी कधी डॉक्टरांनाही, पोटाचा संसर्ग वाटतो. त्याला एफपीआयईएस (अन्नातील प्रथिनामुळे आतड्याला येणारा दाह) म्हणतात. पदार्थ खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी बाळाला लागोपाठ उलट्या सुरू होतात, ते पांढरेफटक आणि निपचित होते, काहींना आणखी काही तासांनी जुलाब होतात. अंगावर गांधी नसतात, ताप बहुधा नसतो, आणि रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी बहुधा नकारात्मक येते. दूध आणि सोयाबीन यांच्याबरोबर भात आणि ओट्स या एरवी अगदी निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या पदार्थांनीही हे घडते. असे एकदा जरी झाले तरी बाळाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले होते, किती वाजता खाल्ले होते आणि उलटी किती वाजता सुरू झाली हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. निदान बहुतेक वेळा या तीन माहितींवरच होते.

लॅक्टोज न पचणे ही वेगळी गोष्ट आहे. लॅक्टोज ही दुधातील साखर आहे, प्रथिन नव्हे. तान्ह्या बाळाला ती जन्मतःच न पचणे अत्यंत दुर्मीळ असते. जुलाबांच्या आजारानंतर काही आठवडे ती नीट पचत नाही आणि आतडे बरे झाले की पुन्हा पचू लागते. यासाठीच दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला 'लॅक्टोजमुक्त' दूध देऊन उपयोग होत नाही, कारण त्यातील प्रथिने जशीच्या तशी असतात. या एका शब्दाने कित्येक घरांत महिने वाया जातात.

टोमॅटो, संत्रे, स्ट्रॉबेरी अशा आंबट फळांचा रस हनुवटीला लागून जिथे लागला तिथेच लाली आली आणि थोड्या वेळात निघून गेली, तर ती बहुधा त्वचेची चुरचुर असते. खाऊ घालण्यापूर्वी तोंडाभोवती व्हॅसलिनचा पातळ थर लावला की ती होत नाही.

धोक्याची खूण दिसल्यास

हा भाग पाठ असावा. श्वास घेताना घरघर किंवा धाप, आवाज किंवा रडणे अचानक घोगरे होणे, जीभ सुजणे, अंग ढिले पडणे, बाळ एकदम मलूल होणे, किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या होणे, यांपैकी काहीही दिसले तर ती जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी समजावी. तिच्यावरचे पहिले औषध अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन आहे आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिले जाते. डॉक्टरांनी ते आधीच लिहून दिले असेल तर लगेच द्यावे आणि आपत्कालीन सेवेला बोलवावे. नसेल तर क्षणही न दवडता जवळच्या रुग्णालयात पोहोचावे. खाज कमी करणारे औषध पाजून परिणामाची वाट पाहू नये, कारण श्वास आणि रक्तदाब सावरणे त्या औषधाला जमत नाही. बाळाला खांद्यावर उभे धरण्याची ओढ स्वाभाविक असते, तरी त्याला आडवे ठेवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे.

दुसरी पायरी: वही

मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी चालते, पण मला वही सोयीची वाटली, कारण ती स्वयंपाकघरातच राहते आणि बाळाला भरवणारा कोणीही तिच्यात लिहू शकतो. नोंद अशी असावी: 'मंगळवार, सकाळी ९.१०. पूर्ण उकडलेले अंडे, पाव छोटा चमचा, बटाट्यात कुस्करून. दुसऱ्यांदा. ९.२५ पर्यंत काही नाही. आणखी एक चमचा. १२.३० ला शी, नेहमीसारखी. रात्री मानेवरचे इसब आहे तसेच.' कधी, काय, किती, कसे शिजवलेले, कितव्यांदा आणि नंतर काय झाले, एवढे सहा मुद्दे पुरतात. 'काही झाले नाही' हेही लिहावे. महिन्याभराने तीच ओळ सर्वांत मोलाची ठरते. दात येणे, सर्दी, नवे औषध, लस यांची नोंद त्याच पानावर करावी, नाहीतर त्यांचा दोष अन्नाच्या माथी जातो. अंगावर काही उठले तर लगेच फोटो काढावा, कारण गांधी डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत पुष्कळदा मावळतात.

तिसरी पायरी: एकच पदार्थ, ठरावीक दिवसांसाठी बंद

विलंबित प्रकारची शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोलून संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवला जातो. बहुतेक बाळांच्या बाबतीत हा पदार्थ दूध असतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

बाळ अंगावर पीत असेल तर स्तनपान थांबवण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. आईने खाल्लेल्या दुधातील प्रथिनांचा अत्यल्प अंश तिच्या दुधात उतरतो आणि काही बाळांना तेवढाही त्रासदायक ठरतो. अशा वेळी आईने दूध, दही, लोणी, चीज आणि दूध घातलेले तयार पदार्थ ठरलेल्या मुदतीपुरते वर्ज्य करावेत. बाळाला अंगावरच्या दुधाने काहीच त्रास होत नसेल आणि स्वतः पदार्थ खाल्ल्यावरच होत असेल, तर आईने पथ्य करण्याचे कारण नाही. पथ्य करणाऱ्या आईला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व मिळायला हवे. हा मुद्दा मी मुद्दाम ठळकपणे मांडते, कारण बाळाच्या काळजीत आईचे जेवण कोणी मोजत नाही. चार-चार पदार्थ सोडून, अर्धपोटी राहून, रात्री तीन वेळा उठून पाजणारी आई आजारी पडली तर सगळाच बेत कोलमडतो.

बाळ वरचे दूध पीत असेल तर त्याला अशी पावडर लागते जिच्यातील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात. दूध-प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्या किमान ९० टक्के बाळांना ती चालते. उरलेल्यांना, आणि ज्यांचा त्रास फार तीव्र असतो त्यांना, प्रथिनाऐवजी केवळ अमिनो आम्ले असलेली पावडर दिली जाते. दोन्हींची चव कडवट असते आणि पहिल्या काही दिवसांत बाळ तोंड फिरवते, म्हणून डॉक्टरांच्या संमतीने जुन्या दुधात थोडे थोडे मिसळत बदल करता येतो. मात्र तत्काळ प्रकारच्या अ‍ॅलर्जीत असे मिसळणे धोक्याचे आहे. या दुधावर शी हिरवट होते आणि त्यात काही गैर नाही. शेळीचे किंवा म्हशीचे दूध हा पर्याय नव्हे, कारण त्यांतील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना त्यांचाही तोच त्रास होतो. सोयाबीनपासून केलेली बाळांची पावडर सहा महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत, आणि बदाम, ओट्स किंवा तांदळाचे तयार पेय हे वर्षाच्या आतील बाळाचे मुख्य दूध होऊ शकत नाही. त्यात बाळाच्या वाढीला पुरेल एवढे पोषण नसते.

बंद ठेवण्याच्या काळात वेष्टनावरचा मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी. केसीन, केसिनेट, व्हे, लॅक्टाल्ब्युमिन ही सर्व दुधाचीच नावे आहेत. अल्ब्युमिन, ओव्हाल्ब्युमिन, लायसोझाइम ही बहुधा अंड्याची. ओळखीच्या वस्तूचाही मजकूर दर वेळी वाचावा, कारण उत्पादक घटक बदलतात.

शीमधील रक्त बहुधा एक-दोन आठवड्यांत थांबते, इसबाला अधिक वेळ लागतो. चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर तो पदार्थ दोषी नव्हता असे धरून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ववत सुरू करावा. फरक न पडल्यामुळे त्यात आणखी एक पदार्थ बंद करण्याची चूक करू नये.

चौथी पायरी: परत देऊन पाहणे

सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच आहे. बाळ शांत झोपू लागलेले असते, शी नीट होत असते, आणि ज्या पदार्थाने रात्री जागवल्या तो हाताने परत भरवायचा हे मनाला पटत नाही. तरीही त्याशिवाय निदान होत नाही, कारण चार आठवड्यांत बाळ नुसते मोठे झाल्यामुळेही बरे वाटू शकते. सौम्य ते मध्यम विलंबित त्रासात, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, आईने आठवडाभरात आपला दूध-दह्याचा आहार पूर्ववत करावा, किंवा वरच्या दुधाच्या बाबतीत दिवसाच्या पहिल्या बाटलीत जुने दूध थोडे मिसळून रोज प्रमाण वाढवत न्यावे. जुनी लक्षणे परत आली तर लगेच थांबावे; निदान पक्के झाले. परत आली नाहीत तर पथ्य संपले.

ज्या बाळाला तत्काळ प्रकारचा त्रास झाला आहे, एफपीआयईएसचा झटका येऊन गेला आहे किंवा इसब तीव्र आहे, त्याला मात्र हे घरी कधीही करू नये. तीव्र इसब असलेल्या बाळाचा पदार्थ बरेच दिवस बंद राहिला तर पूर्वी केवळ खाज आणणारा तोच पदार्थ पुढच्या वेळी तत्काळ आणि जोरदार प्रतिक्रिया घडवू शकतो. अशा बाळांना देऊन पाहण्याचे काम अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात होते.

तपासण्यांविषयी थोडक्यात: त्वचेवर टोचून केलेली चाचणी आणि रक्तातील आयजीई (तत्काळ अ‍ॅलर्जी घडवणारे प्रतिपिंड) तपासणी केवळ तत्काळ प्रकारात उपयोगी पडते, आणि तीही बाळाने त्या पदार्थावर प्रत्यक्ष प्रतिक्रिया दिली असेल तेव्हा. लक्षण नसताना एकदम पन्नास पदार्थांची तपासणी केल्यास जे पदार्थ बाळ सुखाने खात आहे तेही यादीत येतात, आणि आहार विनाकारण आक्रसतो. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाच्या तपासणीवरून अन्न बंद करू नये; ती अन्न खाल्ल्याचे दाखवते, वावडे असल्याचे नव्हे.

पाचवी पायरी: वरचे अन्न सुरू करणे

एका पदार्थाचे वावडे असलेल्या बाळाचेही वरचे अन्न साधारण सहाव्या महिन्यात सुरू व्हायला हवे. चार महिन्यांच्या आत देऊ नये, आणि भीतीने पुढेही ढकलू नये. बाळाची मान सावरलेली असावी, आधाराने ते बसत असावे आणि चमचा तोंडात गेल्यावर जिभेने बाहेर ढकलत नसावे. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो. ज्याच्या आहारातून काही पदार्थ आधीच वगळलेले आहेत त्याच्या बाबतीत डाळी, मांस, लोहयुक्त धान्ये यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

अंडे आणि शेंगदाणे उशिरा द्यावेत हा सल्ला अजूनही ऐकू येतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये खरोखर तसे सांगितले होते: जोखीम असलेल्या बाळांना अंडे दोन वर्षांपर्यंत, शेंगदाणे आणि मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. त्यानंतर २०१५ मध्ये 'लीप' या ब्रिटनमधील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या, ४ ते ११ महिने वयाच्या ६४० बाळांपैकी अर्ध्यांना नियमित शेंगदाणे दिले गेले आणि अर्ध्यांना वर्ज्य केले गेले. ज्यांची त्वचाचाचणी सुरुवातीला नकारात्मक होती त्यांच्यात पाचव्या वर्षी वर्ज्य करणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी निघाली, तर खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. थोडक्यात, टाळल्यामुळे संरक्षण मिळत नाही, खाल्ल्यामुळे मिळते. यामागचे कारण असे मानले जाते की पोटातून प्रथम ओळख झालेले प्रथिन शरीर आपलेसे करते, आणि इसबाने भेगाळलेल्या त्वचेतून शिरलेल्या प्रथिनाशी ते वैर धरते. बाळाला मलम लावण्यापूर्वी हात धुणे आणि इसब वेळेवर आटोक्यात आणणे हा त्यामुळे आहाराच्याच काळजीचा भाग आहे.

प्रत्यक्ष देताना बाळ निरोगी असेल असा दिवस निवडावा आणि वेळ सकाळची ठेवावी, म्हणजे पुढचे काही तास ते डोळ्यांसमोर राहते आणि गरज पडली तर दवाखाना उघडा असतो. आधी चालत असलेल्या पदार्थात नवा पदार्थ पाव छोटा चमचा मिसळावा, चमच्याच्या टोकावरचा घास द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तोंडाभोवतालची त्वचा, कान, डोळे आणि कपडे सारून पोट पाहावे. गांधी कित्येकदा आधी पोटावर उठतात आणि अंगरख्याखाली दिसत नाहीत. काही झाले नाही तर उरलेला भाग शांतपणे भरवावा आणि दोन तास लक्ष ठेवावे. अ‍ॅलर्जीची शक्यता असलेला पुढचा नवा पदार्थ तीन दिवसांनी द्यावा. गाजर, केळे, भोपळा यांसाठी एवढे थांबण्याची गरज नाही. अंडे पूर्ण उकडलेले असावे. शेंगदाणे अख्खे किंवा तुकडे करून देऊ नयेत, पाच वर्षांच्या आतील मुलाच्या श्वासनलिकेत ते अडकू शकतात. मऊ पीनट बटर कोमट पाण्यात किंवा बाळाच्या दुधात पातळ करून द्यावे. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आधीच असेल, तर शेंगदाण्यांचा पहिला घास देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मध वर्षाच्या आत देऊ नये. त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही, त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

पदार्थ एकदा चालला की तो आठवड्यातून दोन-तीन वेळा देत राहावे. एकदा चाखवून महिनाभर विसरणे उपयोगाचे नाही, कारण शरीराची ओळख टिकण्यासाठी पदार्थ वारंवार यावा लागतो.

सहावी पायरी: दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणे

बाळाचे वावडे कायमचे असते असे धरून चालू नये. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुसंख्य मुलांमध्ये बालपणीच जाते. शेंगदाण्याची मात्र साधारण पाचांपैकी एका मुलाचीच जाते. विलंबित प्रकारच्या दूध-अ‍ॅलर्जीत सहसा सहा महिने पथ्य झाल्यावर, किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचे झाल्यावर, डॉक्टर पायऱ्यापायऱ्यांनी दूध परत आणतात. पिठात मिसळून बराच वेळ भाजल्याने प्रथिनांचा आकार बदलतो आणि ती सौम्य होतात, म्हणून सुरुवात दूध घातलेल्या बिस्किटाच्या लहान तुकड्याने होते. तेथून केक, मग चीज, मग दही आणि शेवटी साधे दूध. एक पायरी काही दिवस निर्धोक गेली तरच पुढची चढावी. मध्येच त्रास झाला तर एक पायरी खाली येऊन काही आठवडे तेथेच थांबावे, सगळेच बंद करू नये.

बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकासाठी एक कागद भिंतीवर लावावा. त्यावर बंद असलेला पदार्थ आणि त्याची वेष्टनावरची नावे, धोक्याची लक्षणे, औषध ठेवण्याची जागा, कोणाला फोन करायचा आणि बाळाला नि:शंकपणे चालणाऱ्या पदार्थांची यादी असावी. ही शेवटची यादी मोठ्या अक्षरांत लिहावी, म्हणजे सांभाळणारी व्यक्ती घाबरून बाळाला उपाशी ठेवणार नाही. सर्वांत खाली, बंद असलेल्या पदार्थासमोर, तो परत देऊन पाहण्याची तारीख लिहावी.